हायवेची लाइन तळ्यातून आणि कॉलनीतून जातेय? मग २१ दिवसांत काय काय करायचं (खास नाशिककरांसाठी)

आमच्याकडे ही भानगड कळली पेपरमुळे, पण बातमीमुळे नाही. आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात जाहीर सूचना होती, गट नंबरांची नुसती रांग, आणि शेजारचे आप्पा चहा पिता पिता चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अरे, हा गट आपल्या पाझर तलावाच्या खालचा ना रे?" तोपर्यंत सूचना छापून ९ दिवस होऊन गेले होते. हातात राहिले १२, त्यातले दोन शनिवार, दोन रविवार आणि एक सुट्टी.

मी वकील नाही, आधीच सांगतो. पण त्या १२ दिवसांत आणि पुढच्या दीड वर्षात जे शिकलो, जिथे आपटलो, ते सगळं लिहून ठेवतोय, कारण नाशिकभोवती सध्या रस्त्यांचं पीक आलंय. सिंहस्थ तोंडावर, रिंगरोडची घाई, सुरत-चेन्नईची लाइन सुरगाणा, पेठ, दिंडोरी, नाशिक, निफाड, सिन्नर अशा सहा तालुक्यांतून आखलेली. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात घट्ट बसवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल. भूसंपादनाच्या कायद्यात बोलायचा हक्क ज्याची जमीन जाते त्याला. आणि तळ्याचा सातबारा कुणा माणसाच्या नावावर नसतो. कॉलनीतल्या माणसाची भिंत रस्त्यापासून वीस फुटांवर राहिली तर त्याचीही जमीन "गेलेली" नसते. म्हणजे सगळ्यात जास्त ज्यांचं वाटोळं होणार त्या दोघांना, तळ्याला आणि कॉलनीला, पहिल्या दारातून आतच घेत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी दारं शोधावी लागतात, तीही एकाच वेळी.

आधी बघा कुठला कायदा लागलाय

"हायवे" म्हणून सगळे एकच ओरडतात पण कागद वेगवेगळे असतात. केंद्राचा राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६. राज्याचा असेल, एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते महामंडळ) वगैरे करत असेल, तर बहुतेक वेळा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५. आणि शहरातल्या विकास आराखड्यातला रस्ता असेल, म्हणजे ज्याला आपण डीपी रोड म्हणतो, तर एमआरटीपी, म्हणजे नगररचनेचा कायदा १९६६, ज्यात मंजूर आराखड्यात बदल करायचा झाला तर कलम ३७ ची नोटीस निघते आणि हरकतींना महिनाभर मिळतो. सूचनेच्या पहिल्या दोन ओळींत कायद्याचं नाव असतंच. तेवढं वाचा आणि मगच ग्रुपवर टाका, कारण आमच्या ग्रुपवर पहिले दोन दिवस चुकीच्या कायद्यावर चर्चा चालली होती आणि त्यात मीही होतो.

राष्ट्रीय महामार्गाचं गणित असं. आधी त्या कायद्यातल्या कलम थ्री-ए (3A) ची अधिसूचना, म्हणजे "ही जमीन घ्यायचा आमचा विचार आहे". ती राजपत्रात येते आणि तिचा सारांश दोन स्थानिक पेपरांत, त्यातला एक मराठी. मग थ्री-सी खाली २१ दिवसांत लेखी हरकत. मग सुनावणी. मग थ्री-डी, आणि थ्री-डी निघाली की जमीन सरकारजमा, सातबाऱ्यावर तुमचं नाव दिसत असलं तरी. थ्री-ए पासून एका वर्षात थ्री-डी निघाली नाही तर ती थ्री-ए रद्द होते (कोर्टाच्या स्टेचे दिवस त्यात धरत नाहीत), पण नवी काढायला त्यांना कुणी अडवत नाही, त्यामुळे "लॅप्स झाली, जिंकलो" म्हणून लगेच पेढे वाटू नका.

२१ दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजा. पेपरात उशिरा आलं, आम्हाला उशिरा कळलं, हे वाद नंतर घालता येतात, पण आधी अर्ज आत गेलेला पाहिजे.

आणि हो, मोठ्या महामार्गांच्या या कायद्यांना २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यास लागत नाही. मोबदल्याचं कलम लागतं, अभ्यासाचं नाही. आमच्याकडे एक गृहस्थ प्रत्येक मीटिंगमध्ये "७० टक्के लोकांची संमती लागते" म्हणून सांगायचे. इथे नाही लागत. खोट्या आशेवर लोक घरी बसतात, त्यापेक्षा हे कडू सत्य पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं.

लाइन जमिनीवर उतरवा

कागदावर लाइन म्हणजे नुसता केस. ती तुमच्या बांधावर कुठे पडते ते कळल्याशिवाय हरकत लिहिता येत नाही.

केंद्राच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचा, वनजमिनीचा, वन्यजीव मंजुरीचा अर्ज असेल तर त्यासोबत केएमएल फाइल जोडलेली असते. ती उतरवून गूगल अर्थमध्ये टाका, लाइन दिसते. शेजारी महाभूनकाशावरून गावाचा गट नकाशा उघडा. कॉलनीतला एखादा सिव्हिलचा पोरगा धरून आणा, त्याला दोन तासांचं काम आहे. मग त्याच नकाशावर विहिरी, बोअर, पाइपलाइन, नाले, ओहोळ, शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, वस्तीचे रस्ते, आणि गोदावरीच्या किंवा तिच्या उपनद्यांच्या बाजूला असाल तर निळी आणि लाल पूररेषा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची.

नंतर लाइन पायी चाला. हे टाळू नका. आम्ही एका रविवारी सकाळी ६ वाजता निघालो, अकरा माणसं, एक चुन्याची पिशवी, मोबाइलवर जीपीएस. तळ्याच्या सांडव्यापाशी पोचलो तर लाइन बरोबर सांडव्यावरून. म्हणजे नकाशावर जी जागा "पडीक" म्हणून दाखवली होती तिथून पावसाळ्यात अख्ख्या शिवाराचं पाणी बाहेर पडतं. आप्पांनी तिथे काठी रोवली आणि म्हणाले, "जुलैत इथं गुडघाभर पाणी असतंय, आणि यांनी हितं भराव दाखवलाय." तो फोटो, काठी, चुन्याची रेघ, मागे तळं, जीपीएसचा आकडा आणि तारीख, आमच्या सगळ्या फाइलमधला सगळ्यात कामाचा कागद ठरला. भाषणं कुणाला आठवत नाहीत, तो फोटो सुनावणीत साहेबांनी दोनदा मागून घेतला.

हरकत लिहायची कशी

"आमचा या रस्त्याला तीव्र विरोध आहे" एवढ्या एका ओळीवर ३०० सह्या घेऊन दिल्या की त्याची एकच हरकत होते आणि तिचं उत्तरही एका ओळीत येतं: "सार्वजनिक हितासाठी प्रकल्प आवश्यक असल्याने हरकत अमान्य." असल्या अमान्य हरकतींचे गठ्ठे पडलेले असतात.

प्रत्येक खातेदाराने आपल्या नावाने, आपल्या गट नंबरासकट, वेगळी हरकत द्यायची. एकत्र कुटुंबात सातबाऱ्यावर सात नावं असतील तर सात अर्ज. बहिणींची नावं असतात, त्या नांदायला सिन्नरला नाहीतर ठाण्याला असतात, त्यांना फोन करून सही मागवा. अर्ज जातो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी, सूचनेत लिहिलेलं असतं. तलाठी भाऊसाहेबांकडे देऊन "दिला बुवा" म्हणून परत येऊ नका, तो तिथेच राहतो.

आमचा मसुदा साधारण असा होता, वाटल्यास उचला:

"मी, अमुक, राहणार अमुक, गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, याचा खातेदार आहे. दिनांक अमुकच्या थ्री-ए अधिसूचनेवर कलम थ्री-सी प्रमाणे माझी हरकत खालीलप्रमाणे. १. प्रस्तावित लाइन माझ्या गटातून तिरकी जात असून उरलेल्या दोन तुकड्यांपैकी उत्तरेकडील तुकड्याला रस्ता राहत नाही. २. माझी विहीर व पाइपलाइन लाइनमध्ये येते, त्यावर दक्षिणेकडील बाग अवलंबून आहे. ३. गटालगतच्या तलावाचा सांडवा भरावाखाली जातो, त्यामुळे वरच्या बाजूच्या शेतात पाणी साचेल. फोटो जोडले आहेत. ४. लाइन पूर्वेकडे सरकवल्यास वरील तिन्ही गोष्टी टळतात, नकाशा जोडला आहे. ५. मला वकिलामार्फत अथवा स्वतः सुनावणीची संधी द्यावी व माझ्या हरकतीवर कारणांसह लेखी आदेश द्यावा. मोबदल्याबाबतचे माझे सर्व हक्क अबाधित ठेवून ही हरकत देत आहे."

तिसरा मुद्दा बघा. तळं थ्री-सी च्या दारातून आत जात नाही म्हणालो ना, पण शेजारच्या खातेदाराच्या खांद्यावर बसून जातं. शेवटची ओळही महत्त्वाची, कारण गावात हमखास अफवा उठते की हरकत घेतली तर पैसे कमी मिळतात. नाही मिळत कमी.

दोन प्रती न्या, आवक शिक्का आणि नंबर घ्या. शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलाय असं सांगितलं तर बसून राहा, आम्ही पावणेदोन तास बसलो होतो. शिवाय तीच हरकत पोस्टानेही पाठवा, पोचपावती मिळेल अशी (जुनी रजिस्टर एडी २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली), थोडे पैसे जातात, जाऊ द्या.

सुनावणीला पहिला प्रश्न "तुमचा गट नंबर?" तो नसेल तर पुढचं ऐकून घेतीलच याची खात्री नाही. त्यामुळे कॉलनीवाल्यांनी खातेदारांसोबत जायचं, आणि बोलायचं खातेदाराने.

तळ्याचं दार

आता हे नीट वाचा, इथे नाशिकमध्ये सगळे फसतात.

२०१७ चे पाणथळ जागा नियम आहेत. त्यात पाणथळ जागेचं दुसऱ्या वापरात रूपांतर, अतिक्रमण, कचरा टाकणं, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम, याला बंदी आहे. ऐकायला झकास. पण त्याच नियमांत नदीचं पात्र, भातशेती, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळलेत. आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त "पक्षी येतात" त्या जागा म्हणजे धरणांचं बॅकवॉटर नाहीतर पाझर तलाव! समोरचा वकील पहिलंच वाक्य हेच म्हणतो, हे तर मानवनिर्मित आहे.

नांदूर मध्यमेश्वरही तसं बघितलं तर बंधाऱ्यामुळेच झालेलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, शतकभर गाळ साचत गेला, बेटं झाली, आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातली महत्त्वाची पाणथळ जागा). रामसर जागा या नियमांत थेट धरल्यात, त्यामुळे तिथे "मानवनिर्मित" हा डाव चालत नाही, आणि अभयारण्याची जमीन लागणार असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीचा रस्ता पार करावा लागतो. म्हणून तुमची लाइन निफाड तालुक्यात कुठेही जात असेल तर पहिल्यांदा अभयारण्याची हद्द आणि त्याभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन नकाशावर चढवून बघा. आणि नुसतं फ्लेमिंगो फ्लेमिंगो करू नका. रामसरच्या नोंदीत तिथल्या अतिसंकटग्रस्त जिवांमध्ये देवळाली मिनो नावाचा एक बोटाएवढा मासा आहे, आपल्या देवळालीच्या नावाचा, आणि शंभरातल्या नव्वद नाशिककरांना तो माहीत नाही. असा एक मासा अर्जात असला की वाचणारा थांबतो.

तुमचं तळं रामसर नसेल, साधं असेल, तर?

एक, राष्ट्रीय पाणथळ ॲटलासमध्ये ते आहे का बघा. अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्राने केलेला आहे, सव्वादोन हेक्टरच्या वरच्या जागांचा. त्यातल्या २,०१,५०३ जागांना आधीच्या २०१० च्या नियमांतल्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण द्या असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. यादीत आकडा सापडला तर अर्धी लढाई तिथेच.

दोन, तळ्याचा मालक विभाग शोधा. पाझर तलाव म्हणजे जिल्हा परिषदेचं नाहीतर मृद व जलसंधारणचं असतं. त्यांना लेखी विचारा की रस्त्यासाठी तुमची ना हरकत मागितली का, दिली का, सांडवा हलवायचं डिझाइन कुणी तपासलं. आमच्याकडे त्या विभागाला लाइनचा पत्ताच नव्हता, आमचं पत्र गेल्यावर त्यांनी स्वतः पत्र काढलं, आणि एका सरकारी खात्याचं दुसऱ्या सरकारी खात्याला गेलेलं पत्र आपल्या शंभर निवेदनांना भारी असतं.

तीन, गावतळं किंवा गायरान असेल तर सुप्रीम कोर्टाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल वाचा, गावाच्या सामाईक जमिनींबद्दलचा आहे, मूळ प्रकरणही पंजाबातल्या एका गावतळ्याचंच.

चार, नोंदी आजपासून सुरू करा. दर रविवारी तासभर, तीच तीन ठिकाणं, पक्षी मोजा, ई-बर्डवर टाका. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब दिसले की लोक खूश होतात पण उन्हाळ्यात तळं आटल्यावरच्या नोंदीही टाका, नाहीतर समोरचा एप्रिलमधला कोरडा फोटो घेऊन येतो आणि विचारतो, कुठंय तळं? आमच्या बाबतीत हेच झालं.

पर्यावरण सुनावणी, जिथे गट नंबर लागत नाही

नवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात जनसुनावणी येते. रुंदीकरण असेल तर १०० किलोमीटरच्या वर आणि ठरावीक रुंदीच्या वर असेल तरच. त्यामुळे "पॅकेज एक, पॅकेज दोन" असे तुकडे पडलेले दिसतात. मंजुरी चुकवायची युक्ती म्हणून तुकडे करता येणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तमिळनाडूतल्या एका हायवेच्या प्रकरणात म्हटलंय, पण त्याच निकालात हायकोर्टाने घातलेली मंजुरीची अट काढूनही टाकली, तेव्हा हा निकाल दुधारी आहे, वकिलाला विचारूनच वापरा.

जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा माणूस अध्यक्ष असतो. ३० दिवस आधी जाहिरात. या अभ्यासाच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, आणि मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवावा लागतो, सारांश मराठीतही. इथे जमीन जाणारा, न जाणारा, कुणीही बोलू शकतो. कॉलनीचं आणि तळ्याचं खरं दार हेच.

तयारी अशी करा. मूळ इंग्रजी अहवाल पाच जणांत वाटून घ्या, सारांशावर राहू नका. पक्ष्यांची यादी, नाल्यांची यादी, वस्त्यांची यादी हे तीन तक्ते आधी तपासा, कारण चुका तिथेच सापडतात, दुसऱ्याच जिल्ह्याच्या अहवालातून उचललेली झाडं-पक्षी असले प्रकारही निघतात. आमच्याकडे बारमाही ओढा "कोरडा नाला" होता आणि एक अख्खी वस्ती नव्हती. वस्तीतल्या बायकांनीच मग उठून आपापल्या घराचा लाइट बिलाचा कागद दाखवला. एकही मोठा शब्द न वापरता सभागृह गप्प!

बोलताना एकाने एकच मुद्दा. तीन मिनिटांत. लेखी प्रत आधीच द्यायची. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, तोपर्यंत निम्मी माणसं गाड्या काढत असतात, तुम्ही थांबा, तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच उभं राहून घालायला लावा. चित्रीकरण होतं त्याची प्रत नंतर मागवा.

पाण्याचं गणित

हे वेगळं लिहितोय कारण नाशिकमध्ये याच्यासारखा पटणारा मुद्दा नाही. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर आपण पूर मोजतो. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. आणि खाली चांदोरी-सायखेड्याला पाणी शिरतं ते तर दर मोठ्या पुराला. अशा सपाट काळ्या मातीच्या खोऱ्यात सहा-आठ मीटरचा भराव आडवा टाकला की तो रस्ता नसतो, तो बांध असतो. पाणी मोऱ्यांतून जाईल म्हणतात, पण मोरी किती रुंद, किती मीटरवर एक, आणि दोन वर्षांत ऊस-पाचटाने आणि प्लॅस्टिकने किती बुजेल?

म्हणून जुन्या पुराच्या खुणा गोळा करा. घराच्या भिंतीवरची, देवळाच्या पायरीवरची, विहिरीच्या कठड्यावरची. म्हाताऱ्या माणसाला तिथे उभं करून हात लावायला सांगा, फोटो काढा, वर्ष लिहा, टेपने जमिनीपासून उंची मोजा. अशा दहा-बारा खुणा झाल्या की इंजिनिअर तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागतो. मागणी काय करायची? तळ्याच्या आणि पूरपट्ट्याच्या टप्प्यात भराव नको, खांबांवरचा पूल करा, नाहीतर लाइन हलवा. आमच्याकडे सांडव्याचा भाग वाचला तो या मुद्द्यावर, पक्ष्यांवर नाही. पक्षीप्रेमी मित्रांना वाईट वाटेल पण खरं ते खरं.

कॉलनीवाल्यांसाठी दोन शब्द

आवाजाच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे. रस्ता व्हायच्या आधीची मोजणी करून ठेवा, नंतर तुलनेला काहीच हातात नसतं. बाकी मागण्या रोखठोक ठेवा: सर्व्हिस रोड दोन्ही बाजूंना, शाळेच्या वाटेवर भुयारी मार्ग आणि तो ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल एवढा उंच, पाण्याच्या लाइनी हलवायचा खर्च कुणाचा ते लेखी. प्रवेश नियंत्रित रस्ता म्हणजे तुमच्या दारातून जाणार पण तुम्हाला चढता येणार नाही, हे लोकांना सांगावं लागतं, कारण "घराशेजारी हायवे, आता भाव वाढणार" असं म्हणणारे प्रत्येक गल्लीत दोघे असतातच.

झाडं तोडायची असतील तर शहरी हद्दीत वेगळी नोटीस लागते आणि हरकतीला फक्त ७ दिवस. तपोवनातल्या झाडांच्या वेळी २०२५ च्या नोव्हेंबरात नाशिककरांनी हरकतींचा पाऊस पाडला होता, आठवत असेल.

माहिती अधिकार

१० रुपये, राज्याच्या खात्यासाठी जोडपत्र अ, कोर्ट फी स्टँप लावून. लक्षात ठेवा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणासाठी ऑनलाइन पोर्टल आहे. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे २१ दिवसांच्या हरकतीला याचा उपयोग शून्य, पण सुनावणीला आणि कोर्टाला होतो, म्हणून पहिल्याच दिवशी टाका. "प्रकल्पाची संपूर्ण माहिती द्या" असं लिहू नका. मागा: पर्यायी लाइनींचा तुलनात्मक अहवाल, पूर अभ्यास, मोऱ्यांची यादी साखळी क्रमांकासह (म्हणजे रस्त्याच्या कितव्या किलोमीटरवर ते), इतर खात्यांशी झालेला पत्रव्यवहार. आणि कागद मागण्यापेक्षा फाइल तपासणी मागा, तिथे बसून फाइल चाळताना जे मागायचं सुचलंच नसतं तेही दिसतं. आम्हाला तीन पर्यायी लाइनींचा तक्ता असाच सापडला, त्यातली दुसरी लाइन तळं टाळणारी होती आणि तिच्यापुढे कारण लिहिलं होतं, लांबी थोडी जास्त. एवढंच.

माणसं सांभाळणं

खरी लढाई ही. लाइन आखली गेली की गावात चार तट पडतात: ज्यांची सगळी जाते, ज्यांची थोडी जाते आणि मोबदला हवाय, ज्यांची जात नाही पण त्रास होणार, आणि ज्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवलीय. शेवटचे मीटिंगला सगळ्यात पुढे बसतात. ओळखा.

मोबदला मागणाऱ्याला फितूर म्हणायचं नाही. हा आमचा सगळ्यात मोठा गाढवपणा होता, त्यापायी सहा घरं तुटली आणि सुनावणीला ती आलीच नाहीत. त्यापेक्षा ठरावच करा: पहिली मागणी लाइन हलवा, नाहीच हलली तर योग्य दर, आणि दोन्हीसाठी कागद एकत्र गोळा करायचे. गेल्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं काढून ठेवा, दर त्यावर ठरतो. विहीर, बाग, मांडव, झाडं यांची संयुक्त मोजणी होताना स्वतः हजर राहा, पंचनाम्यावर वाचून सही करा. द्राक्षाचा मांडव "किरकोळ बांधकाम" म्हणून गेला की मग लवादाकडे फेऱ्या.

समृद्धी महामार्गाच्या वेळी सिन्नरच्या शिवडे गावाने २०१७ मध्ये मोजणी अडवून धरली होती, सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. विरोध वाढल्यावर लँड पूलिंगच्या (जमीन द्या, बदल्यात विकसित प्लॉट घ्या) जोडीला थेट खरेदी आली, पाचपट दराने. रस्ता मात्र झालाच. माझं मत विचाराल तर नुसत्या रस्त्यावरच्या ताकदीने दर हलतो, लाइन हलवायला नकाशा लागतो.

ग्रामसभेचा ठराव घ्याच, गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार यातलं जे कमी ते, हजेरीच्या सह्या नीट घ्या. पेठ-सुरगाण्यासारख्या पेसा (आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रात संपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावीच लागते. इतरत्र ठराव बंधनकारक नाही, पण कोर्टात जोडायला चांगला. पैशाचा हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाका, चहाच्या बिलासकट.

आंदोलनाचं थोडक्यात. परवानगी मागा, लेखी मागा. नाशिक पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत जमावबंदीचे आदेश वरचेवर असतात, ते बघून तारीख ठरवा. थ्री-ए निघाल्यावर मोजणीसाठी जमिनीत शिरायचा अधिकार त्यांना कायद्यानेच मिळतो, तेव्हा मोजणीवाल्यांच्या अंगावर जाऊ नका. तो बिचारा भूकरमापक लाइन आखणारा नसतो, आणि पोरांवर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला की पुढची दोन वर्षं सगळी ताकद जामिनात आणि तारखांत जाते, नोकरीच्या व्हेरिफिकेशनला तोच गुन्हा आडवा येतो.

मंजुरी मिळालीच तर

पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यानंतर एक दिवसही नाही. आपल्यासाठी पुण्याचं पश्चिम खंडपीठ. अपिलाची फी १००० रुपये आणि स्वतःही उभं राहता येतं, पण वकील घ्या, शक्यतो पर्यावरणाची केस आधी केलेला. गावातला दिवाणीचा ओळखीचा वकील फुकट मिळतो आणि महागात पडतो.

आणि हरलात तरी फाइल बंद करू नका. मंजुरीपत्रात अटी असतात, मोऱ्या किती, झाडं किती, आवाजाच्या भिंती कुठे, आणि त्यांच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मागवा आणि जागेवर जाऊन जुळवा. आमच्याकडे लाइन सांडव्यापासून हलली, कॉलनीपाशी नाही हलली, तिथे काम सुरू झालंय. त्यामुळे हल्ली दर पंधरा दिवसांनी आप्पा आणि मी टेप घेऊन जातो. मागच्या खेपेला तिसरी मोरी नकाशात दोन मीटरची आणि जागेवर सव्वा मीटरची भरली, फोटो काढला, अर्ज दिला, शिक्का घेतला. पाऊस यायच्या आत ती फोडून नव्याने बांधतायत की नाही ते बघायला येत्या रविवारी परत जायचंय.